सड्यावरची रेंज, आत्याचा प्लेअर: स्लो नेटवर गाणी उतरवायची रीत

देवगड तालुक्यातलं आमचं घर चिऱ्याचं. भिंती दीड फूट जाड, वर कौलं, मागे कलमांची गर्दी. घरात मोबाइलला एखादी काडी येते, तीही पडवीच्या खांबाला टेकून उभं राहिलं तर. धड रेंज हवी असेल तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढायचं. आत्या पंचाहत्तरी ओलांडलेली, ती काही सड्यावर जाणार नाही. तिला पहाटे अभंग लागतात, दुपारी केसरबाई केरकर नाहीतर हिराबाई बडोदेकर यांचं गाणं, आणि रात्री झोप येईपर्यंत कीर्तन. ऑनलाइन लावून दिलं की तान अर्ध्यावर अडकते, पडद्यावर चक्र फिरत राहतं, आणि आत्या माझ्याकडे असं बघते की तो टॉवर मीच बंद केलाय.

म्हणून मी गाणी आधी उतरवून घेतो, नीट लावतो आणि प्लेअरमध्ये भरून तिच्या हातात देतो. आधी दोन प्लेअर आणि एक कार्ड वाया घालवलं, मग ही रीत बसली.

आधी आकडेमोड

नेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. ८ बिटचा १ बाइट. म्हणजे ४०० केबीपीएसचं (सेकंदाला ४०० किलोबिटचं) नेट सेकंदाला ५० केबी आणतं, ४०० नव्हे. निम्मी चिडचिड या एका भागाकाराने कमी होते.

वेग मोजायला स्पीड टेस्टच्या नादी लागू नका. ५ एमबीची एखादी फाइल उतरवायला लावा आणि घड्याळ बघा. १०० सेकंद लागले तर वेग ४०० केबीपीएस. हे दुपारी एकदा, रात्री बारानंतर एकदा आणि पहाटे पाचला एकदा करा. आमच्याकडे संध्याकाळी सात ते अकरा नेट मेल्यातच जमा असतं, पहाटे मात्र तेच नेट धावतं. तुमच्या गावाची वेळ वेगळी असेल, ती शोधून काढा.

आता गाण्याचं वजन. एमपीथ्री १२८ केबीपीएसची असेल, म्हणजे गाण्याच्या एका सेकंदाला १२८ किलोबिट लागत असतील, तर मिनिटाला जवळपास १ एमबी. पाच मिनिटांचं गाणं ४.८ एमबी. तेच ३२० केबीपीएसला १२ एमबी, आणि फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळता साठवायचा प्रकार) साधारण २५ ते ३० एमबी. फ्लॅक चांगलाच, पण आत्याच्या तळहाताएवढ्या स्पीकरवर १२८ आणि फ्लॅक यांतला फरक मलाही ओळखता येत नाही, आणि मी कान देऊन ऐकलंय.

बोलण्यासाठी, म्हणजे कीर्तन-प्रवचनासाठी, ६४ केबीपीएस मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज) पुरतं. तासाभराचं कीर्तन २९ एमबीत बसतं.

इथे एक गंमत आहे. रोजच्या दीड जीबीचा पॅक संपला की बऱ्याच कंपन्या वेग ६४ केबीपीएसवर आणतात. त्या वेगात व्हिडिओ विसरा. पण ६४ केबीपीएसचं गाणं त्या वेगाने उतरायला बरोबर गाण्याच्या लांबीएवढाच वेळ लागतो. तीन मिनिटांचं गाणं, तीन मिनिटं. तासाला २८.८ एमबी, सहा तासांच्या रात्रीत १७० एमबी. तुटातूट धरली तरी सकाळी उठेपर्यंत १२८ केबीपीएसची तीन-तीन मिनिटांची चाळीसेक गाणी पदरात. 'नेट संपलं' असं ज्याला म्हणतात त्या नेटवर.

काय उतरवायचं: जुन्या तबकड्यांचा फायदा

स्लो नेटवाल्याने ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या) जमान्यावर प्रेम करावं. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. गायकांना ख्याल त्यात कोंबावा लागे. अब्दुल करीम खाँ, केसरबाई, मास्टर दीनानाथ यांची ती मुद्रणं म्हणूनच एवढी आटीव आहेत. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान तबकडीसाठी गायल्या तेव्हापासून हे बंधन आहे. त्यांची अडचण होती, आपली सोय झाली: एक बाजू म्हणजे १२८ केबीपीएसला ३ एमबी.

दुसरी गोष्ट, ही मुद्रणं मोनो आहेत. दोन कानांना वेगळं काही ऐकवायला त्यात नाहीच. त्यामुळे ६४ केबीपीएस मोनोत त्यांचं फारसं काही बिघडत नाही आणि वजन दीड एमबीवर येतं. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. आमच्या सड्यापर्यंत ती दीड एमबीत येते.

कुठून उतरवायचं

गाण्यांच्या अ‍ॅपमधलं 'डाउनलोड' हे खरं डाउनलोड नव्हे. स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपमध्ये पैसे भरून उतरवलेलं गाणं कुलूपबंद असतं. ते त्या अ‍ॅपमध्येच वाजतं, आणि तीस दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. ते कार्डावर टाकून प्लेअरमध्ये घालता येत नाही. माझा पहिला पूर्ण महिना हे न कळल्यामुळे गेला.

खरी फाइल हातात देणाऱ्या जागा वेगळ्या. आर्काइव्ह डॉट ऑर्ग (इंटरनेट आर्काइव्ह, १९९६ पासून) इथे संग्राहकांनी चढवलेल्या जुन्या भारतीय तबकड्या सापडतात. बँडकॅम्पवर आजचे कलाकार स्वतः गाणी विकतात, आणि विकत घेतल्यावर एमपीथ्री हवी की फ्लॅक हे तुम्ही ठरवता. आणि घरातल्या सीडी! कपाटातल्या सीडी लॅपटॉपवर एमपीथ्री करून घ्यायला नेट लागतच नाही. तासाभराची सीडी १२८ केबीपीएसला ५८ एमबी होते.

हक्कांचं थोडक्यात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचे हक्क निराळे, ते कवी आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ ला गेले, भास्करबुवा बखले १९२२ ला, त्यामुळे जुन्या नाट्यपदांत अडचण कमी. भावगीतांत मात्र बघून घ्यावं लागतं. साइटवर आहे म्हणजे मोकळं आहे असं धरू नका. आणि 'फुकट एमपीथ्री' म्हणणाऱ्या साइट तर टाळाच. तिथे गाण्याच्या बटणाशेजारी आणखी चार खोटी बटणं असतात, आणि गाणं ३ एमबीचं, जाहिराती १०च्या.

उतरवायची पद्धत

१. जागा. फोन जिथे रेंज आहे तिथे ठेवा, तुम्ही तिथे असायची गरज नाही. मी फोन माळ्याच्या खिडकीत सुंभाने टांगतो, चार्जर लावून, आणि खाली लॅपटॉपवर त्याचा हॉटस्पॉट घेतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गीगाहर्ट्झ निवडा. ५ गीगाहर्ट्झ वेगवान खरा, पण जाड भिंतीत तो लवकर दमतो. फोन ५जी आणि ४जीमध्ये सारखा उड्या मारत असेल तर ४जीवरच बांधून ठेवा.

२. चोर बंद करा. अ‍ॅपचे ऑटो अपडेट, फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप उतरणारं 'सुप्रभात'. लॅपटॉपवर विंडोज असेल तर त्या वायफायला 'मीटर्ड' (मोजून वापरायचं नेट) म्हणून खूण करा, नाहीतर रात्रभर विंडोज स्वतःचे अपडेट ओढत बसेल आणि सकाळी तुमच्या वाट्याला दोन अभंग.

३. झिप नको, एकेक फाइल घ्या. हे मी ठासून सांगतो. बऱ्याच साइट 'सगळं एकदम' म्हटलं की त्या क्षणी झिप बांधून पाठवतात. अशा झिपचा पूर्ण आकार आधी ठरलेला नसतो, त्यामुळे लाइन तुटली की पुन्हा शून्यापासून. मी एकदा पहाटे ४०० एमबीतल्या ३८० वर तुटलेली झिप पाहिली आहे. तो दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही. आर्काइव्हच्या पानावर 'डाउनलोड ऑप्शन्स'मध्ये फाइलींची पूर्ण यादी उघडते. तिथून एकेक एमपीथ्री निवडा.

४. डाउनलोड मॅनेजर वापरा. अँड्रॉइडवर वनडीएम, लॅपटॉपवर फ्री डाउनलोड मॅनेजर. तुटलेलं तिथून पुढे उचलायचं, हे त्यांचं काम. दोन गोष्टी बदला. एका वेळी एकच फाइल, आणि एका फाइलला एक किंवा दोनच धागे (एकाच वेळी उघडलेल्या जोडण्या). जाहिरातीत बत्तीस धाग्यांची बढाई असते, पण बारीक नळाला बत्तीस बादल्या लावून पाणी वाढत नाही. उलट चार फाइली अर्धवट राहण्यापेक्षा एक पुरी झालेली बरी. फोनवर त्या अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून सूट द्या, नाहीतर पडदा काळा झाला की अ‍ॅपही झोपतं.

५. आर्काइव्हवर टॉरेंटचा पर्याय असतो. टॉरेंट म्हटलं की लोक दचकतात, पण ती फक्त उतरवण्याची पद्धत आहे. फाइलचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा तपासला जातो, खराब निघाला तर तेवढाच पुन्हा येतो. दिवसात दहा वेळा वीज जाणाऱ्या गावाला याहून सोयीचं काही नाही. क्यूबिटटॉरेंट या टॉरेंटच्या प्रोग्रॅममध्ये नको त्या फाइलींची खूण काढून टाकता येते. अपलोडला मात्र सेकंदाला ५ केबीचा लगाम घाला. बारीक लाइनवर अपलोड मोकळं सोडलं की डाउनलोडचाच गळा आवळला जातो.

६. वेळ. रोजचा पॅक बाराला नवा होत असेल तर पावणेबाराला उरलेला डेटा गाण्यांवर घाला, आणि बारानंतर नवा सुरू. विकत घेतलेल्या गाण्याची लिंक बहुधा थोड्या वेळापुरतीच चालते, म्हणून ती रात्रीसाठी ठेवू नका. मधेच तुटली आणि लिंक मेली, तर मॅनेजरसुद्धा काही करू शकत नाही. पुन्हा खात्यात जाऊन नवी लिंक घ्या.

सगळ्यात वेगवान लाइन कुठली, हे शेवटी कळलं: एसटी. मुंबईहून गणपतीला येणारा चाकरमानी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह खिशात घालून निघाला आणि बारा तासांत घरी पोचला, तर तो वेग जवळपास ६ एमबीपीएस पडतो. आमच्या माळ्यावर तेवढा कधी मिळाला नाही. म्हणून मोठं काम मी पुण्यातल्या भाच्याला सांगतो. तो तिकडच्या फायबरवर फ्लॅक उतरवतो, ६४ केबीपीएस मोनो करतो आणि घाई असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. घाई नसेल तर चतुर्थीची वाट बघायची.

उतरल्यावर

फाइलचा आकार साइटवरच्या आकाराशी जुळतो का बघा. अर्धवट एमपीथ्रीही वाजते, म्हणून पहिली दहा सेकंदं ऐकून चालत नाही. शेवटची दहा ऐका.

आकार कमी करायचा तर फ्लॅकपासून करा. १२८ची एमपीथ्री पुन्हा ६४ला दाबली की आवाजात पाण्याखालचा घुमारा येतो.

नावं रोमन लिपीत द्या. हे लिहिताना मलाच वाईट वाटतं, पण स्वस्त प्लेअरच्या पडद्यावर देवनागरीचे एकतर चौकोन दिसतात, नाहीतर 'हिराबाई'ची वेलांटी घर सोडून पलीकडे जाऊन बसते. नावाआधी आकडे घाला, तेही ००१, ००२ असे. नुसते १, २ घातले तर १० हा २च्या आधी येतो. फाइलीच्या पोटातली माहिती, म्हणजे टॅग, एमपीथ्रीटॅग या फुकट प्रोग्रॅमने एका झटक्यात सुधारता येते. मुखपृष्ठाचं मोठं चित्र चिकटलेलं असेल तर काढून टाका, बारीक प्लेअर त्याच्यापाशी अडखळतो.

आवाजाची पातळी सारखी करा. जुनी तबकडी हळू, नवं भक्तिगीत कर्कश. आत्या तबकडीसाठी आवाज वाढवते आणि पुढच्या गाण्याला दचकून हातातलं तांदूळ पाखडायचं सूप टाकते. एमपीथ्रीगेन हा प्रोग्रॅम गाणं पुन्हा न दाबता सगळ्यांची पातळी ८९ डेसिबलला आणून ठेवतो.

प्लेअर: आधी हात बघा, मग बॉक्स

मी पहिला प्लेअर घेतला तो चकचकीत, टच स्क्रीनचा. आत्याने दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला आणि म्हणाली, "अरे, ह्येका बटणाच नाय!" तिची बोटं कामाने खरखरीत झालेली, टच त्यांना दाद देत नव्हता. चौथ्या दिवशी प्लेअर देव्हाऱ्याखालच्या खणात गेला.

ऐकणारा कोण, यावर सगळं ठरतं. घरात जुना स्मार्टफोन पडून असेल आणि ऐकणाऱ्याला टच जमत असेल, तर काहीच घेऊ नका. सिम काढा, एअरप्लेन मोड लावा, व्हीएलसी हे गाणी वाजवायचं अ‍ॅप टाका. देवनागरी नावंही नीट दिसतील. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, एवढं मागचं झाकण दाबून बघा.

वडीलधाऱ्यांसाठी माझं मत कीपॅडचा साधा फोन, मेमरी कार्डाची जागा असलेला. हजार-दोन हजारांत येतो, बटणं टपोरी, स्पीकर मोठा, एफएम आणि टॉर्च वरकड. बरेचसे सिम न घालताही गाणी वाजवतात, दुकानातच सिम काढून खात्री करा. मुख्य म्हणजे बॅटरी निघते. त्यात बीएल-५सी प्रकारची असेल तर उत्तम: ती तालुक्याच्या कुठल्याही मोबाइल दुकानात मिळते, आणि तीच पुष्कळशा छोट्या रेडिओ-स्पीकरमध्येही बसते. आतच डकवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते आणि तिच्याबरोबर प्लेअरही जातो.

पेनड्राइव्ह लागणारा छोटा स्पीकर स्वयंपाकघराला बरा. पण त्यातल्या बऱ्याच जणांना गाणी शोधता येत नाहीत, नुसतं पुढे-मागे करत बसायचं. सारेगामाचा कारवाँ २०१७ साली निघाला, त्यात गाणी आधीच भरलेली असतात. नेटचा प्रश्नच नाही, पण निवड त्यांची. स्वतः कानसेन असाल तर सोनी वॉकमन किंवा फियोचे महाग प्लेअर आहेत. तिथे फ्लॅकला अर्थ आहे, चांगल्या हेडफोनला अर्थ आहे. मी त्या वाटेला गेलो नाही. आयपॉड मात्र २००१ साली आला आणि २०२२ मध्ये कंपनीने बंद केला; जुना कोणी विकत असेल तर बॅटरीचं वय विचारून घ्या.

दुकानात जाताना स्वतःचं कार्ड गाण्यांनी भरून न्या आणि तिथेच वाजवून बघा. मी हे बघतो:

तासाभराचं कीर्तन मधे बंद केलं, प्लेअर बंद केला, पुन्हा चालू केला. तिथूनच सुरू झालं का? नाही झालं तर तो प्लेअर कीर्तनाला कुचकामी. आत्या रोज पहिलं निरूपण ऐकणार आणि रोज तिथेच झोपणार.

फोल्डरप्रमाणे वाजतो का? काही प्लेअर सगळी गाणी एका ढिगात ओततात. पहाटेचे अभंग आणि रात्रीचं कीर्तन वेगळं राहिलं पाहिजे.

चार्जिंग चालू असताना वाजतो का? पिन टाइप-सी की जुनी? हेडफोनचं गोल भोक आहे का? आणि डोळे मिटून आवाजाचं बटण सापडतं का?

कार्डाची फसवणूक

एका जत्रेत मी १२८ जीबीचं कार्ड फार स्वस्तात घेतलं. फोन म्हणाला १२८. पण आठेक जीबीनंतर भरलेलं प्रत्येक गाणं मुकं. आत छोटी चिप घालून मोठा आकडा दाखवणारी कार्डं असतात. नवं कार्ड घेतलं की लॅपटॉपवर एचटूटेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम चालवा. तो कार्ड काठोकाठ भरून परत वाचतो आणि खरं किती आहे ते सांगतो. वेळ लागतो, लागू द्या.

मुळात मोठं कार्ड हवंच कशाला? ८ जीबीत तीन मिनिटांची १२८ केबीपीएसची जवळपास २,७०० गाणी मावतात, सलग वाजवली तर साडेपाच दिवसांहून जास्त. शिवाय ३२ जीबीपर्यंतचं कार्ड फॅट३२ पद्धतीने बांधलेलं येतं, आणि ते जवळपास सगळ्या प्लेअरना वाचता येतं. त्याहून मोठी एक्सफॅटमध्ये येतात, आणि साधा प्लेअर त्यांना 'कार्ड नाही' म्हणून मोकळा होतो.

आणखी एक छुपी खोड. स्वस्त प्लेअर नावाच्या क्रमाने वाजवत नाही, कार्डावर फाइल ज्या क्रमाने आली त्या क्रमाने वाजवतो. म्हणून कार्ड एकदा पूर्ण रिकामं करा, फॉरमॅट करा, आणि फोल्डर एकेक करून, क्रमाने भरा. मधेच एखादं गाणं वाढवलं तर ते शेवटी जाऊन बसतं. तेव्हा फॅटसॉर्ट किंवा ड्राइव्हसॉर्ट हा छोटा प्रोग्रॅम कार्डावरचा क्रम लावून देतो. कार्ड काढताना 'इजेक्ट' करून काढा. ओढून काढलेल्या कार्डाने माझी अख्खी नाट्यपदं खाल्ली होती.

हातात देताना

फोल्डर तीनच केले: पहाट, दुपार, रात्र. आधी राग, गायक, काळ असे चौदा केले होते. ते माझ्यासाठी होते, तिच्यासाठी नव्हते. सुरुवातीला ऐंशी गाणी भरली. महिन्याने विचारलं की कुठलं आलं की पुढे ढकलतेस, ती काढली, तिने मागितलेली घातली.

पावसाळ्यात प्लेअर स्टीलच्या डब्यात राहतो, बुटांच्या खोक्यातून जपून ठेवलेल्या सिलिकाच्या पुड्या सोबत. जून ते सप्टेंबर आमच्याकडे चपलेलासुद्धा बुरशी येते, चार्जिंगच्या पिनेला न यायला काय झालं.

अंधारात चालू करायचं बटण सापडावं म्हणून त्यावर तिचीच एक टिकली चिकटवली. बोटाला लागते. श्रावणातल्या दमट हवेत टिकलीचा गोंद सुटतो, तेव्हा नेलपॉलिशचा एक जाड थेंब देऊन रात्रभर वाळू द्या, वर्षभर टिकतो.